बाभळवाडीच्या देवळाचं छत

दसऱ्याच्या दिवशी भर दुपारी स्वरदा भावाच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या एका हातात आपट्याची पानं होती आणि दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेले काचेचे तुकडे. दार उमावहिनीनं उघडलं. जिनं शाळेच्या दिवसांत स्वरदाच्या वेण्या घातल्या, तापात तिच्या उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवल्या, त्याच वहिनीच्या तोंडून आज सणासुदीला साधं 'ये' सुद्धा निघू नये ना!

"सोनं द्यायला आलीस?" उमा कोरडेपणानं म्हणाली. "तीन वर्षांनी बरी आठवण झाली."

"वहिनी, दादा घरात आहे ना? मला त्याच्याशी बोलायचंय. आत्ताच."

त्या 'आत्ताच'मध्ये असं काही होतं की उमा नकळत बाजूला झाली.

मुकुंद परतूरकर दिवाणखान्यात बसला होता. शहरात आज हे नाव कुणाला ठाऊक नाही? सिडकोत त्यानं पहिली दोन-चार घरं बांधली तेव्हा लोक हसले होते. म्हणे, हा कसला आर्किटेक्ट, मालकाला सोडून आधी घरच्या बाईला विचारतो, 'ओट्याशी उभं राहिल्यावर तुम्हाला खिडकीतून काय दिसायला हवं?' पण त्या घरांत वैशाखातसुद्धा पंख्याविना बसता येई, विटांच्या जाळीतून वारा यायचा. मग काय विचारता! संभाजीनगर शेंद्र्याच्या दिशेनं पसरत गेलं, तसं परतूरकरांचं नावही पसरलं. पुढं एका पाळकसाहेबांनी त्याला खेड्यातलं चर्च बांधायला बोलावलं. हा तिथं गेला, सगळ्यांबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसला, अख्खी उपासना ऐकली आणि मगच पेन्सिल हातात घेतली. तेव्हापासून आसपासच्या ख्रिस्ती मंडळींना कुठंही देऊळ बांधायचं असलं की 'परतूरकर सरांना बोलवा' हे ठरलेलंच. माणसाचं मन राखणं हा त्याचा गुण होता... आणि देव करो अन् कुणाचा गुण कुणावर असा न उलटो!

स्वरदानं आपट्याची पानं त्याच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि रुमाल उघडून टीपॉयवर ठेवला.

"काचपट्टी तुटली, दादा."

मुकुंदचा चेहरा झरकन उतरला. तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटनं बसवून ठेवायची ही त्याचीच पद्धत. पट्टी शाबूत असेल तर तडा जुना, थांबलेला. पट्टी तुटली म्हणजे तडा हलतो आहे, वाढतो आहे.

"कुठली?" त्यानं विचारलं, जणू काही त्याला ठाऊकच नव्हतं!

"बाभळवाडीची. पुढच्या बीमवरची. बरोबर टाकीच्या खालची."

"प्लास्टरचा तडा असेल. यंदा पाऊस किती झालाय बघतेस ना."

"प्लास्टरच्या तड्यानं काच तुटत नाही, हे मला तूच शिकवलंस. दादा, त्या छतावर त्यांनी सिमेंटची टाकी बांधलीय. तुला विचारून बांधलीय! तू हो कसं म्हणालास?"

"तिथल्या पंचांचा, सर्जेरावांचा फोन आला होता." मुकुंद खिडकीबाहेर बघत म्हणाला. "म्हणाले, 'सर, दुष्काळातून देवानं तारलं, आता गावाला पुन्हा पाण्यासाठी वणवण नको.' काय म्हणणार होतो मी?"

"नाही म्हणायचं होतंस!"

"आणि कारण काय सांगायचं होतं?"

ते कारण या जगात फक्त दोघांना माहीत होतं, आणि ते दोघं याच खोलीत होते.

दुष्काळाच्या त्या पहिल्या वर्षी बाभळवाडीच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाचा स्लॅब टाकायचा होता. विहिरींनी तळ दाखवला होता, गावात टँकर आला की माणसं कामधंदा टाकून धावत. मुकुंदनं स्लॅबसाठी शहरातून टँकर ठरवला, स्वरदानं स्वतः उभं राहून सिमेंट-खडी-वाळूचं आणि पाण्याचं प्रमाण लावून दिलं. तीही इंजिनियर, भावाच्या प्रत्येक इमारतीचे हिशेब तीच करायची. काम सुरू झालं... आणि वस्तीकडून बायांची रांग येताना दिसली. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर!

पुढं वच्छलाबाई होती. त्या मंडळीत एक चाल होती, देवाचं घर बांधायचं तर प्रत्येक घरानं आपल्या घरातलं काहीतरी त्यात घालायचं. आजोबांच्या वेळच्या जुन्या देवळाला घरटी एक दगड लागला होता. या वर्षी द्यायला कुणाच्या घरात काय होतं? दाणा नाही, कडबा नाही. जे सगळ्यांत मोलाचं होतं, तेच बाया घेऊन आल्या होत्या.

"सर, हे आमच्या पिण्यातलं पाणी हाय," वच्छलाबाई म्हणाली. "देवाच्या छतात जाऊ द्या."

"दादा, नको!" स्वरदानं भावाला बाजूला ओढलं. "मालाला हवं तेवढं पाणी झालंय. आणखी घातलंस तर स्लॅब कच्चा होईल. त्यांना सांग, हे पाणी उद्यापासून स्लॅबवर वरून मारू. तेही लागतंच."

मुकुंदनं तसं सांगून पाहिलं. वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "वरून मारल्यालं वाळून जातंय, सर. आतमंदी ऱ्हाऊ द्या की आमचं. एवढंच तर हाय."

मुकुंदनं तिच्या सुकलेल्या, उललेल्या ओठांकडं पाहिलं. मागं उभ्या असलेल्या सगळ्या बायांकडं पाहिलं. आणि म्हणाला, "ओता!"

दिवसभर घागरी रिकाम्या होत राहिल्या. माल कढीसारखा पातळ झाला. बाया गाणी म्हणत होत्या, लोक आनंदानं रडत होते, आणि स्वरदा शेडच्या मागं एकटी संतापानं रडत होती.

स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या तेव्हा वेदीवरचा, म्हणजे दारापासून मागचा भाग खाली वाकलेला दिसला. पंच जमले, विचारणा झाली, 'चूक कुणाची?' मुकुंद पांढराफटक पडून उभा होता. समोर वच्छलाबाई बसलेली! स्वरदाचं अंतःकरण पिळवटून निघालं. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. याच दादानं स्वतःचं दिल्लीचं पुढचं शिक्षण अर्ध्यावर टाकलं, दुसऱ्यांच्या ऑफिसात नकाशे काढत बसला, आणि बहिणीला इंजिनियर केलं. हा भाऊ आज चारचौघांत मान खाली घालून उभा राहणार? छे! ती उठली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मागच्या भागात लोखंडाचा हिशेब माझा चुकला."

सगळ्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? स्वतःवर आळ कोण ओढून घेतं! मागं दोन खांब उभे राहिले, पंचांनी विषय मिटवला. स्वरदाचं ठरलेलं लग्न मोडलं. 'जिच्या हातून देवाचं छत वाकलं, ती आमच्या घरात नको,' असा निरोप आला. उमानं बोलणं टाकलं, कारण नवऱ्याच्या नावाला डाग लावला तो या नणंदेनं, एवढंच तिला माहीत होतं. आणि मुकुंद? मुकुंद गप्प राहिला. स्वरदा खुलताबादला निघून गेली, तिथल्या शाळेत गणित शिकवू लागली.

आणि एक दिवस वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता तिच्या हातातला खडू थांबला. आपण खोटं बोललो ते मागच्या भागापुरतं! म्हणून दुरुस्तीही मागच्या भागापुरतीच झाली. पण पाणी तर सगळ्याच स्लॅबमध्ये गेलं होतं... पुढच्या भागाखाली दर रविवारी सबंध वस्ती बसते! त्यागाच्या भरात हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. त्या दिवशी तिच्या काळजात जी धडकी भरली, ती पुन्हा कधी गेली नाही. तिनं दादाला फोन केला. दादा म्हणाला, "बघू. एवढा दुष्काळ सरू दे, मग काहीतरी निमित्त काढून दुरुस्त करू." पुढचं वर्ष कोरडं गेलं, त्याच्या पुढचंही. दादा 'बघू' म्हणत राहिला, आणि ती दर महिन्याला बस बदलत बाभळवाडीला जाऊन, सगळ्यांच्या पाठीमागं बसून, मान वर करून, पुढच्या बीमच्या तड्यावर स्वतःच गुपचूप बसवलेल्या काचपट्टीकडं बघत राहिली.

"रविवारी कापणीचा सण आहे," स्वरदा आता म्हणाली. "सकाळी टाकी पहिल्यांदा भरणार, खाली उपासना होणार, आणि नंतर तुझा सत्कार. दादा, उपासनेच्या आधी तू त्यांना खरं सांग. माझं नाव साफ कर म्हणून नाही सांगत रे! ती माणसं..."

"कसं सांगू?" मुकुंद एकदम ओरडला. "वच्छलाबाईंना कसं सांगू, की तुम्ही तहानलेल्या राहून जे दिलंत, त्यानंच तुमचं देऊळ कच्चं झालं? जीव जाईल गं त्या बाईचा!"

"आणि छत पडलं तर कुणाचा जाईल?"

दारात भांडं पडल्याचा आवाज झाला. उमा उभी होती. तिच्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं फरशीवर घरंगळत होतं.

"म्हणजे... हिची चूक नव्हतीच?" तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मुकुंदनं मान फिरवली. "अहो, हिचं लग्न मोडल्याचा निरोप आला तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होतात! मी हिला वाट्टेल ते बोलत होते आणि तुम्ही जेवत होतात! घास कसा उतरला हो तुमच्या घशाखाली?"

उमानं स्वरदाचा हात धरायला हात पुढं केला, पण स्वरदा उंबऱ्यापर्यंत पोहोचली होती.

"रविवारी मी तिथं असेन, दादा," एवढंच ती म्हणाली.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. इतक्या वर्षांनी शिवारं भरली होती. बाजरीची कणसं, मका, भोपळे, कोंबड्यासुद्धा, ज्याच्याकडं जे पिकलं ते घेऊन लोक देवळाकडं चालले होते. बाहेर लिंबाखाली चुली पेटल्या होत्या. वर पंपाचा पाईप टाकीत सोडलेला, आणि पाणी पडल्याचा तो भदभद आवाज... स्वरदाला तो ऐकवेना!

ती थेट सर्जेरावांकडं गेली. ते पंचांचे प्रमुख, पांढरं धोतर, डोक्याला फेटा, सणाची लगबग.

"सर्जेरावकाका, पंप बंद करा. लोकांना आत बसवू नका. सगळा स्लॅब कच्चा आहे."

"सगळा?" त्यांनी भुवया उंचावल्या. "बाई, तवा तर तुमी म्हनला व्हता मागचाच. तुमच्या हिशेबाची चूक. ती आपन दुरुस्त केली की. आता सगळा कशापायी कच्चा?"

स्वरदानं तोंड उघडलं. सर्जेरावांच्या मागं वच्छलाबाई उभी होती, नवं लुगडं नेसलेली, परातीत कणसं घेतलेली, हसरी. 'तुमच्या पाण्यानं'... हे दोन शब्द स्वरदाच्या ओठांपर्यंत आले आणि तिथंच अडले. हाय रे दैवा! दादाला बोल लावणारी ती, आज तिचीही जीभ तशीच टाळ्याला चिकटली!

"सरांना येऊ द्या," सर्जेराव समजुतीनं म्हणाले. "त्यांनी बंद करा म्हनलं तर करू. तुमच्या मनाला लागलंय त्ये, कळतंय मला. पन सणाच्या दिवशी असं वंगाळ बोलू नाय."

माणसं आत गेली, सतरंज्या भरल्या, गाणं सुरू झालं. स्वरदानं एकेकीला हात जोडून सांगून पाहिलं. बाया तिच्याकडं दयेनं बघत आणि सरकून बसत. शेवटी ती आत गेली आणि बरोबर त्या बीमखाली, जिथं तुटक्या काचेचं सिमेंट अजून चिकटलेलं होतं, तिथं जाऊन बसली. यांना बाहेर काढता येत नसेल, तर निदान आपण यांच्यातून वेगळं उभं राहायचं नाही. तिनं डोळे मिटले. डोक्यावरच्या टाकीत पाणी पडतच होतं. थोड्या वेळानं तिच्या मांडीवर चुन्याची बारीक कणी पडली. मग आणखी एक.

मुकुंद आणि उमा आले तेव्हा दारातच लोक हार घेऊन पुढं झाले. मुकुंदनं आत पाहिलं. सगळ्यांच्या माना वेदीकडं होत्या. एकच चेहरा वर, छताकडं केलेला, डोळे मिटलेले, केसांवर पांढरी धूळ. जिला त्यानं बोट धरून शाळेत नेलं होतं, ती तिथं मरायला बसली होती!

हार त्याच्या हातून खाली पडला. तो धावत आत घुसला, त्यानं बहिणीचा दंड धरला. "ऊठ, स्वरा! ऊठ म्हणतो ना! बाहेर चल!"

"आधी यांना सांग," ती डोळे न उघडता म्हणाली. "मग मला ओढ."

गाणं थांबलं. मुकुंद वळला. समोर सबंध मंडळी, मधे वच्छलाबाई.

"पंप बंद करा!" त्याचा आवाज चिरकला. "सगळे बाहेर चला, पोरं आधी! हे छत कच्चं आहे. हिची चूक नव्हती, कधीच नव्हती. तुम्ही त्या दिवशी घागरी ओतल्यात ना... ते पाणी जास्त झालं. पाणी जास्त झालं की सिमेंट धरत नाही. मला माहीत होतं. ही मला 'नको' म्हणत होती, आणि मी 'ओता' म्हणालो. तुमचं मन मोडवेना म्हणून म्हणालो! आणि मग तोंड उघडायची हिंमत झाली नाही. माझ्यासाठी ही खोटं बोलली. माझ्यासाठी!"

तो लहान मुलासारखा रडू लागला. क्षणभर फक्त वरचं पाणी ऐकू येत होतं.

मग वच्छलाबाई उठली. तिनं शेजारच्या म्हाताऱ्या आवडाबाईच्या काखेत हात घातला. "उठा गं समद्या. सर खोटं रडत न्हाईत. पोरं घ्या कडंला!"

बाया उठल्या तशी माणसं उठली. सर्जेरावांनी बाहेर जाऊन पंप बंद केला. मुकुंद आणि स्वरदा सगळ्यांत शेवटी, म्हाताऱ्या आवडाबाईला दोन्हीकडून धरून, उंबऱ्याबाहेर आले. सगळी मंडळी लिंबापलीकडं जाऊन उभी राहिली. काहीच घडेना. कुणीतरी पुटपुटलंसुद्धा, "उगं भ्या घातलं..."

आणि कड्कन आवाज झाला. आधी बीम मधून दुमडला, मग टाकी कलंडली, आणि छताचा पुढचा भाग, टाकीतलं सगळं पाणी, विटा, लोखंड, एकदम खाली बसलं. धुळीचा लोट लिंबापर्यंत आला. त्या धुळीतून पाण्याचा लोंढा दाराबाहेर आला आणि सतरंज्या, गाण्यांची पुस्तकं, बाजरीची कणसं घेऊन लोकांच्या पायांपर्यंत वाहत आला. पोरं रडायला लागली. मोठी माणसं नुसती बघत राहिली.

कुणी मुकुंदचे आभार मानले नाहीत. कुणी स्वरदाच्या त्यागाचे गोडवे गायले नाहीत. वच्छलाबाई दोघांच्या समोर येऊन उभी राहिली, आणि तिच्या डोळ्यांत जाळ होता.

"पाणी आमचं. देऊळ आमचं. मंग आमाला सांगायचं का न्हाय ते तुमी कोन ठरिवनार?" ती मुकुंदला म्हणाली. "आमी काय कुक्कुली लेकरं हाव? त्याच दिवशी म्हनला असता, 'वच्छलाबाई, ह्या पान्यानं छत बिघडंल', तर मी रडले असते, घागर घेऊन घरी गेले असते. बास! एवढंच झालं असतं!"

"होय," मुकुंद म्हणाला.

"अन् तू, बाई!" ती स्वरदाकडं वळली. "भावासाठी खोटं बोललीस. लई मोठं मन. पन ते खोटं ठिवलंस कुटं? आमच्या डोस्क्यावर! माझी नातवंडं त्येच्याखाली बसत व्हती गं!"

इतक्या वर्षांत स्वरदाला लोकांनी पुष्कळ बोल लावले होते. पण ते सगळे खोट्या चुकीबद्दलचे होते. खऱ्या चुकीबद्दल आज पहिल्यांदा कुणी बोलत होतं. ती वच्छलाबाईच्या पायांवर कोसळली. "खरंय, मावशी. अगदी खरंय..."

वच्छलाबाईनं तिला उठवलं नाही, पण पायही मागं घेतले नाहीत.

सर्जेरावांनी फेटा काढून तोंडावरची धूळ पुसली. "सर, नवं देऊळ तर बांधावंच लागनार," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पन ते काम दुसऱ्याला दिऊ. वाईट वाटून घिऊ नका."

"बरोबर आहे," मुकुंद म्हणाला. "मी बांधलेली बाकीची देवळंही मी उद्यापासून दुसऱ्या इंजिनियरकडून तपासून घेतो. आणि हे कसं झालं ते जिथं सांगायचं तिथं स्वतः जाऊन सांगतो. स्वरदाचं नाव त्यात कुठं येणार नाही."

"येईल," स्वरदा डोळे पुसत उठली. "मी खोटं बोलले, तेवढं माझं आहे, दादा. तेवढं मला राहू दे."

मुकुंदनं तिच्याकडं पाहिलं, आणि भर लोकांत तिच्या धुळीनं माखलेल्या डोक्यावर हात ठेवला. उमानं पदरानं नणंदेचं तोंड पुसलं आणि तिला घट्ट मिठी मारली. "मला मार गं, हवं तर... पण आता खुलताबादला एकटी जाऊ नकोस!"

माणसं हळूहळू पांगायला लागली तशी वच्छलाबाई कडाडली, "कुटं निगाले? लिंबाखाली पंगत मांडा. अन्न शिजल्यालं हाय. राग हाय माजा, अन् ते काय आज जात न्हाय. पन सणाच्या दिवशी जेवल्याबिगर कुनी दारातून जायाचं न्हाय. सर, तुमीबी बसा."

मातीतच पंगत बसली. मुकुंदच्या पुढं पत्रावळ आली, बाजरीची भाकरी आली, पण त्याला ती मोडवेना. शेजारी बसलेल्या स्वरदानं ती त्याच्या पानातच मोडून दिली.

"स्वरा, तुझं आयुष्य मी..."

"जेव दादा. बोलू मग. सगळं बोलू."

वच्छलाबाई वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन वाढत वाढत आली. मुकुंदच्या पानापाशी थांबली. पळी हातात तशीच धरून तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यानं मान वर केली नाही.

मग तिनं त्याला भाजी वाढली, आणि पुढच्या पानाकडं गेली.